सायकल माझी, पाय त्याचे

इटलीकरानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण रत्नागिरीतल्या आमच्या आळीपासून थेट खेडपर्यंत ही हकिकत उलटी सांगितली जाते, आणि उलटी सांगणाऱ्यांत तो स्वतः पहिला आहे.

वयानं तो माझ्याहून बराच मोठा. तोंडावर मी त्याला काका म्हणतो, अहोजाहो करतो. कागदावर करणार नाही. कागदावर तरी माणसाला मनासारखं बोलू द्यावं.

इटलीकर हे त्याचं आडनाव नव्हे. तरुणपणी तो मालवाहू जहाजावर इंजिनाला तेल घालायच्या कामाला होता. इटलीतल्या कुठल्याशा बंदरात जहाज दुरुस्तीसाठी अडकून पडलं आणि परत येताना हा तिथून एक शर्यतीची सायकल घेऊन आला. बाकीचे खलाशी ट्रान्झिस्टर आणायचे, घड्याळं आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. ह्यानं सायकल आणली. तीही कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही अशी. आळीनं त्याचं आडनाव त्याच आठवड्यात बदलून टाकलं.

ती मिळाली कशी, हे तो समोरचा माणूस बघून सांगायचा. पुरुषांच्या बैठकीत ती पत्त्यांत जिंकलेली असायची. बायका असल्या की एका म्हाताऱ्या विधवेनं त्याला मुलगा मानून दिलेली असायची. शाळेतली पोरं भेटली, तर बुडणाऱ्या माणसाला वाचवल्याचं बक्षीस. काकूंना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं तर त्या खोबरं किसता किसता म्हणायच्या, "माझ्या पाटल्या कुठं गेल्या ते विचारा त्यांना. म्हणजे सायकल कुठून आली ते आपोआप समजेल."

सायकल मात्र देखणी. मी कितीही संतापलेला असलो तरी चांगल्या मालाला वाईट म्हणत नाही. तो माझा धंद्यातला नियम आहे. पोलादाच्या बारीक नळ्या, रंग घट्ट कोकम आगळासारखा, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. नळ्या जिथं एकमेकींना मिळतात तिथल्या सांध्यांची टोकं कुणीतरी कानस घेऊन पानासारखी निमुळती केलेली. गिअरचे खटके खालच्या दांडीवर. एका हातानं उचलली तर वाटायचं, हिचं अर्धं वजन कुणीतरी काढून घेतलंय.

आता समुद्राकाठी लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, देवाची घंटा गंजते, माणसाचा चष्मा गंजतो. इटलीकरानं त्यावर उपाय शोधला होता. पावसाळाभर सायकल स्वयंपाकघरात, चुलीच्या वर टांगलेली. शेजारी दोरीवर सुके बांगडे आणि बोंबील. एकाच धुरात दोघांचीही सोय. त्यामुळं पावसाळा सरला, की इटलीची ती राणी आळीतून निघायची ती सुकटीचा वास मारत, आणि मागून चार मांजरं धावत. इटलीकर मान ताठ ठेवून पुढं बघत पायडल मारायचा. मांजरांना तो परदेशी शिव्या द्यायचा. मांजरं आपली, त्यांना काय कळणार!

त्या सायकलचे टायर साध्या सायकलसारखे रिमच्या खाचेत बसत नाहीत; ते रिमला चिकटवावे लागतात. तो खास गोंद परदेशी. इथं मिळेना. तेव्हा ह्यानं फणसाचा चीक वापरायला सुरुवात केली. चीक उकळून, गाळून, त्यात काहीबाही घालून एका डब्यात भरून ठेवायचा आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "इटलीत फणस नाही, म्हणून बिचाऱ्यांना गोंद बनवावा लागतो." असली वाक्यं त्याच्यापाशी भरपूर. "ॲल्युमिनियमची भांडी असतात, सायकल पोलादाची असते." "चढ म्हणजे नमस्कार, उतार म्हणजे आशीर्वाद." एकदा मी विचारलं, "मग पंक्चर म्हणजे काय, प्रसाद?" त्यानंतर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

पण त्याचं मुख्य वेड म्हणजे पाय मोजणं. घरात कुणीही आलं, की त्याला चपला काढून ओटीवरच्या भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन पायांच्या मध्ये एक फळकूट वरपर्यंत दाबायचं आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायची. ही म्हणे सायकलचं माप ठरवायची रीत. पोस्टमन मोजला, गॅसवाला मोजला, विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस तर मोजून घेतल्याशिवाय सुटलाच नाही. मुलीला बघायला खेडहून पाहुणे आले, तेव्हा पोहे यायच्या आधी ह्यानं नवऱ्या मुलाला भिंतीला लावला. मोजलं आणि काकूंना आत हाक मारली, "अगो, पाय आखूड आहेत. चढावर टिकायचा नाय."

काकू आतूनच म्हणाल्या, "लग्न गोमूशी आहे. सायकलशी नाय."

लग्न झालं. जावई आखूड पायांचाच राहिला आणि सुखात राहिला.

माझंही माप त्यानं घेतलं होतं. धंद्याच्या सुरुवातीला मला आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी त्याची पडवी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच दिवशी मला भिंतीला लावलं, फळकूट दाबलं, रेघ मारली. रेघ बऱ्यापैकी खाली आली. तो फक्त "हं" म्हणाला. मी उंचीनं कमी आहे, हे मला ठाऊक आहे. ते लपवण्यासारखं नाही आणि मी लपवत नाही. पण ते "हं" मला आवडलं नव्हतं.

त्याच हंगामात दुसरी गोष्ट घडली, आणि ती मी आजतागायत विसरलेलो नाही. तेव्हा माझ्याकडे टेम्पो नव्हता. नेवऱ्याच्या बाजूच्या बागांतून एका जुन्या, दणकट, काळ्या सायकलवर दोन्ही बाजूंना पेट्या बांधून मी रत्नागिरीपर्यंत माल आणायचो. आरे-वारेचा चढ म्हणजे काय, ते तिथं गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्यांना कळायचं नाही. खाली समुद्र, वर ऊन, आणि मी सायकल ढकलत, घामानं आंधळा झालेला. मागून सर्र आवाज आला. इटलीकर. माझ्या बाजूनं तो चढावर असा निघून गेला, जसा काही चढ माझ्यापुरताच होता. जाता जाता मान वळवून ओरडला, "मेल्या, सायकल ढकलायची नसते रे! बसायची असते!"

बसायची असते. पेट्या काय तुझ्या बापानं आणायच्या होत्या?

त्या चढावर मी ठरवलं, की ही सायकल एक दिवस माझी होणार, मी हिच्यावर बसणार, आणि ह्याच चढावर बसणार. माणसाला पुढं जायला काहीतरी लागतं. कुणाला गुरू लागतो, कुणाला देव. मला ते वाक्य पुरलं.

पुढं माझं बरं झालं. दोन पिकअप आल्या, पॅकिंगची शेड झाली, घर झालं. वाशीच्या बाजारात मला ओळखत नाही असा दलाल नाही. तिथं भाव तोंडानं ठरत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून सौदा करायचा. चेहऱ्यावर रेघ हलू द्यायची नाही. आमच्या धंद्याचा आणखी एक कायदा आहे, आणि तो मी स्वतः मार खाऊन शिकलो: सौदा होईपर्यंत माल चाखायचा नाही. चाखला की डोळ्यांत दिसतं, आणि डोळ्यांत दिसलं की भाव गेला. बागवाला कितीही आग्रह करो, "शेठ, फोड तरी घ्या," मी फोड घेत नाही. सौदा झाल्यावर मग पेटी फोडून खातो.

ह्या कायद्यानंच माझा घात केला.

झालं असं, की जुन्या सायकलींचे शौकीन इटलीकराकडे यायला लागले. पुण्याहून एकजण आला. उंच, हडकुळा, सायकलची माहिती तोंडपाठ. इटलीकरानं त्याला भिंतीला लावला. रेघ बरोब्बर हवी तिथं आली. इटलीकराचा चेहरा पडला. मी तिथंच बसलो होतो. मला वाटलं, सायकल गेली. इटलीकरानं विचारलं, "घेऊन काय करणार?" तो म्हणाला, "रोज चालवणार, काका." ह्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "तुमच्या टाचा बाहेर जातात चालताना. जमायचं नाय." त्या बिचाऱ्यानं जाताना स्वतःच्या टाचा दोनदा बघितल्या.

मला त्या वेळी कळायला हवं होतं. ज्याचा पाय बसत होता आणि जो चालवणार होता, त्याला ह्यानं हाकलला. पण मी तेव्हा एवढंच बघितलं, की गिऱ्हाईक गेलं आणि वाट मोकळी झाली.

काही दिवसांनी मी त्याच्या ओटीवर जाऊन बसलो. सायकल भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"काका, त्या जुन्या सायकलीचं काय करणार आहात?"

"का रे, तुला हवी?"

"मला कशाला? शेडच्या दारात शोभेला लावीन म्हटलं."

काकूंनी सरबत आणून दिलं. पेला माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "भाऊ, एकदा बसून तरी बघा तिच्यावर."

बघा. बाईनं स्वच्छ सांगितलं होतं. आणि मी काय म्हणालो? "छे छे काकू, बसायचं काय त्यात!" कायदा म्हणजे कायदा. माल चाखायचा नाही. मी तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मनात मात्र आरे-वारेचा सगळा चढ चढून झाला होता.

पैशाला तो तयार होईना. शेवटी ठरलं, की माझ्या शेडमागच्या विहिरीजवळचं हापूसचं कलम, त्याचे दर हंगामातले सगळे आंबे इटलीकराला द्यायचे. माझं सगळ्यात चांगलं झाड. किती वर्षं, एवढाच प्रश्न. मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली बोटं धरली. त्याला आमची भाषा कुठून येणार? मी दोन बोटं दाबली, त्यानं माझी अख्खी मूठ धरली. मी तीन दाबली, पुन्हा मूठ. मी म्हटलं, "काका, मूठ म्हणजे काय?"

"मूठ म्हणजे मी आहे तोवर."

मी त्याच्याकडे बघितलं. हाडं मोजून घ्यावीत असा देह, सकाळ-संध्याकाळ खोकला. मनात हिशेब केला आणि चेहऱ्यावर रेघ न हलवता म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." तो म्हणाला, "आणि अधूनमधून पुसायला येईन हां मी. सवय आहे हाताला." मला वाटलं, फुकटचा गडी मिळाला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज आयुष्यातला सगळ्यात स्वस्त सौदा केला. ती म्हणाली, "मग इतके का हसताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या अंगणात मी सायकलवर बसायला गेलो. टांग टाकली. टांग पलीकडे गेली, पण जमीन मिळेना. सीट खाली करायला गेलो, तर ती आधीच पार खाली, दांडीला टेकलेली. मधली दांडीच इतकी उंच, की उभं राहिलं तर माणसाची पुढची पिढी धोक्यात. एक पाय चिऱ्यावर ठेवून मी कसाबसा वर चढलो, एक पायडल मारलं, दुसरं माझ्या पायाखालून निघून गेलं, आणि मी करवंदीच्या कुंपणात. पॅकिंगच्या बायका काम सोडून बघत होत्या. एकही हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे गाल फुगलेले होते आणि सगळ्यांनी एकदम पेट्यांत माना घातल्या.

मी तसाच, काट्यांसकट, इटलीकराच्या घरी गेलो.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं!"

"काय ते?"

"माझं माप! ही भिंत बघा. ही माझी रेघ. तुमच्या हातची!"

तो भिंतीजवळ गेला, चष्मा लावून रेघ बघितली, जणू पहिल्यांदाच. "हां. तुझीच."

"मग दिलीत कशाला?"

"तू शोभेला मागितलीस ना? शेडच्या दारात लावायला?"

"ते बोलायचं असतं हो सौद्यात!"

"असं का? आम्ही जहाजावरचे. आम्हाला काय कळतं सौद्यातलं." आणि काकूंना हाक मारून म्हणाला, "अगो, भाऊच्या मानेतला काटा काढ."

काटे काढताना काकूंनीच सांगून टाकलं. सौद्याच्या थोडं आधी इटलीकर भाट्याच्या पुलावर एसटीशी शर्यत लावायला गेला आणि एका मासळीवालीच्या टोपलीत जाऊन पडला. बांगड्यांची नुकसानी झाली, ह्याला खरचटलंही नाही. पण मुलगी खेडहून तडक आली. शाळेत शिक्षिका, तिचा आवाज घरात सगळे ऐकतात. ती बजावून गेली, की सायकल ह्या घरात पुन्हा दिसली तर मी इथं पाऊल ठेवणार नाही.

म्हणजे ह्याला सायकल घराबाहेर काढायची होती, पण हातची जाऊ द्यायची नव्हती. त्याला हवा होता असा माणूस, की जो तिला जपेल, ज्याचं घर जवळ असेल, ज्याला मालाची पारख असेल आणि ज्याचे पाय जमिनीला पोचणार नाहीत. भिंतीवर अख्ख्या रत्नागिरीचे पाय लिहून ठेवलेले होते. त्यातली सगळ्यात खालची रेघ त्यानं निवडली, आणि वर हापूसचं झाड घेतलं.

तो पुसायला येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज सकाळी. पुसून झालं की, "पुसल्यावर चाक फिरतं का ते बघायला नको?" म्हणून अंगणात एक फेरी. मग, "अंगणात कळत नाही रे," म्हणून आळीच्या टोकापर्यंत. महिनाभरात तो माझ्या सायकलवर बसून आरे-वारेला जाऊन यायला लागला. परत आला की आमच्या पायरीवर बसून चहा. आमची बायको त्याला कांदेपोहे द्यायची. मला उठल्यावर बिस्किटं. बोललो तर म्हणे, "तुम्ही झोपलेले असता. ते बिचारे चढ चढून येतात."

आणि खोकला? गेला. रोजची हवा आणि मे महिनाभर माझे आंबे. मानेवर मांस चढलं होतं मेल्याच्या.

मी सायकलला साखळी घालून कुलूप लावलं. तो आला, कुलूप बघितलं. मांडीवर फडकं घेऊन पायरीवर बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं, "काय काका, आज बसलात?" की म्हणायचा, "शेठनी कुलूप लावलंय. मालक आहेत ते." एवढंच. तक्रार नाही, शिवी नाही. दुपारपर्यंत आळीत माझ्या नावानं हळहळ सुरू झाली. भाजीवालीनं बायकोला विचारलं, "शेठचं काही बिनसलंय का हो म्हाताऱ्याशी?" चौथ्या दिवशी बायकोनंच किल्ली शोधून त्याच्या हातात दिली.

मग मी ठरवलं, सायकलच माझ्या मापाची करायची. सायकल पिकअपमध्ये घातली आणि एमआयडीसीत ओळखीच्या वेल्डरकडे नेली. तो म्हणाला, "शेठ, ह्या नळ्या कापाव्या लागतील. दांडी खाली घेऊ, मग पुन्हा जोडू. चालेल, पण दिसेल."

"दिसू दे," मी म्हटलं.

त्यानं खडूनं खुणा केल्या. इतक्यात रिक्षा येऊन थांबली आणि इटलीकर उतरला. बायकोनं सांगितलं असणार, दुसरं कोण. मला वाटलं, आता हा रडेल, पाया पडेल, आडवा पडेल. त्याचीच मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. माझी उत्तरंही तयार होती.

तो आला, खुणा बघितल्या आणि वेल्डरला म्हणाला, "काप. माल ह्याचा आहे."

वेल्डरनं माझ्याकडे बघितलं. मी सायकलकडे. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो किंवा तिच्यावरून पडलो होतो. नीट बघितली ती त्या दिवशी. सांध्याचं ते पानासारखं टोक. खडूची रेघ नेमकी त्याच्यावरून गेलेली. कुणीतरी एक माणूस कधीतरी तिकडं खिडकीशी बसून, जीव लावून, ते टोक घासत असणार. आता मी काही हळवा माणूस नाही. पण मी आयुष्यभर माल बघत आलोय. ज्या फळाला हात लावताना बोटं आपोआप हलकी होतात, त्या फळावर सुरी कशी चालवायची?

"राहू दे," मी म्हटलं.

इटलीकर म्हणाला, "हं." तेच ते, भिंतीपाशी म्हणाला होता ते.

येताना पिकअपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. मी विचारलं, "काका, आणि कापली असती तर?"

"तू? तू पेटीतला एक डागी आंबा फेकताना दहा वेळा उलटासुलटा करतोस."

म्हणजे त्यानं माझे नुसते पाय मोजलेले नव्हते.

त्यानंतर मी कुलूप लावलं नाही. तो यायचा, घेऊन जायचा, आणून ठेवायचा. एवढ्यावरच हे थांबलं असतं, तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. बाजारात माणूस कधी फसतो, गप्प बसतो, पुढच्या हंगामात वसूल करतो. पण पुढं जे झालं, ते सौद्यातलं नव्हे.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, उन्हाच्या कहारात, हा उशिरा निघाला. आरे-वारेच्या उतारावर रिम तापली, फणसाचा चीक पातळ झाला आणि पुढचा टायर रिमवरून निघाला. तो रस्त्याकडेच्या चिऱ्यांवर आपटला. खुब्याचं हाड मोडलं. कुणीतरी मला फोन केला. मी पिकअप घेऊन धावलो. त्याला मीच उचलून गादीवर निजवलं, मीच हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर तो कण्हत विचारत होता, "फ्रेम वाकली नाय ना रे?" मी म्हटलं, "नाय वाकली, गप्प पडा." नव्हतीच वाकली.

संध्याकाळी खेडहून मुलगी आली. वॉर्डाच्या दारात, नर्ससमोर, पेशंटांच्या नातेवाइकांसमोर तिनं मला धरलं.

"लाज नाही वाटत? मी सायकल घराबाहेर काढायला लावली आणि तुम्ही त्यांना ती रोज चालवायला देता? त्यांचं वय काय?"

"ताई, मी देत नव्हतो. ते—"

"बाबा म्हणाले, भाऊ आग्रह करायचा, बसा म्हणायचा, म्हणून त्याचं मन मोडवेना. आणि टायर सुटला म्हणे. सायकल तुमच्याकडे असते ना? मग देखभाल कुणी करायची?"

मी आत बघितलं. इटलीकर खाटेवर डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता. झोपलेल्या माणसाचे कान असे उभे नसतात. काकू खाटेशी बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला. चीक कुणाचा होता ते त्यांना ठाऊक. कुलूप मी लावलं होतं, तेही ठाऊक.

त्या दिवसापासून मी गावात म्हाताऱ्याला सायकलवर बसवून पाडणारा माणूस आहे. बागवालेसुद्धा टोमणे मारतात: "शेठ, आमच्या बापाला सायकल देऊ नका हां." मुलगी आईबापांना खेडला घेऊन गेली. घराला कुलूप. आणि कलमाचे आंबे? ते मी पाठवतो. दिलेला शब्द मोडला असं माझ्याबद्दल कुणी म्हणू शकत नाही. बाकी वाटेल ते म्हणतात.

ह्या हंगामात पेट्या घेऊन मी स्वतः खेडला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, की मुलीसमोर एकदाच काय ते बोलून घ्यायचं. इटलीकर अंगणात वॉकर धरून उभा होता. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलाला त्यानं भिंतीला लावलेलं होतं आणि काकूंकडे फळकूट मागत होता. मुलगी दारात आली. मी म्हटलं, "काका, आता सांगा ताईंना. सायकल कोण मागायचं? टायर कुणी चिकटवला होता?"

त्यानं पेटी उघडली, एक आंबा उचलून हुंगला. "यंदा जरा आधी उतरवलास. देठाशी आंबट लागेल."

"काका, मी काय विचारतोय?"

"ऐकलं की. ऊन किती आहे, आत ये. कोकम घे."

मुलीनं माझ्याकडे असं बघितलं, की आजारी माणसाशी भांडायला आलेला हा कोण. मी पेट्या उतरवल्या आणि सरबत न घेता निघालो. काकू फाटकापर्यंत आल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, पावसाच्या आधी तिला तेलाचा हात फिरवा हं. तुमच्याकडे चूल नाही."

मी गाडी चालू केली. घरी आलो आणि तेलाचा हात फिरवला. लोखंडाचा काय दोष!

म्हणून आता हे तोंडानं न बोलता लिहून विचारतोय. ताई, तुम्ही शिक्षिका आहात. वर्गात कुणाची पाटी फुटली, तर फोडणारा उभा राहीपर्यंत तुम्ही तास पुढं नेत नसाल. मग आपल्या वडलांना एकदा उभं करा. वॉकर धरून उभं करा, पण करा. काकूंनाही शेजारी बोलवा, पदर सारखा न करता. आणि माझ्यादेखत विचारा: रोज सकाळी माझ्या पायरीवर कोण यायचं, चीक कुणाच्या डब्यातला, आणि त्या दिवशी खाटेवर डोळे मिटून कोण जागं होतं? ते आंब्यावर बोलायला लागले तर थांबवा. ऊन किती आहे म्हणाले तर मी उन्हात उभा राहीन. आणि हे सगळं विचारून झालं, की माझा म्हणून शेवटचा एक प्रश्न विचारा: ही सायकल त्यांनी मला दिली, की मला तिच्यापाशी राखणीला बसवला?

उत्तर मला त्यांच्याच तोंडून हवंय.